विंडोज मारली, पुढे काय?

“विंडोज तं मारली ताई, पन वायफायच दिसून नाई राह्यलं.”

इंझोरीतल्या एका दुकानात हे वाक्य ऐकलं. दर्शनी भागात मोबाइल रिचार्ज, झेरॉक्स, मेमरी कार्ड आणि हेडफोन. मागच्या टेबलावर बारीक स्क्रू ड्रायव्हरचा संच, धूळ उडवायचा ब्लोअर आणि पाठ उघडलेला एक लॅपटॉप. ताई आपले सरकार सेवा केंद्र चालवतात. दिवस जुलैअखेरचे. खरिपाच्या पीकविम्याची मुदत याच सुमारास संपत आलेली असते. प्रवेशासाठी उत्पन्नाचा, जातीचा, रहिवासाचा दाखला हवा असलेली मुलंही याच दिवसांत केंद्रावर येतात. नेमक्या त्या गर्दीत केंद्रातला एकुलता एक लॅपटॉप निळ्या पडद्यावर अडकला. दुकानातल्या पंचविशीच्या आतल्या मुलानं रात्री उशिरापर्यंत बसून त्यावर नवी विंडोज घातली. सकाळी पडदा स्वच्छ दिसत होता, स्टार्टचं बटण जागेवर होतं, पण वायफाय नव्हतं आणि आवाजही नव्हता. टचपॅडवर बोट फिरवलं तरी बाण हलत नव्हता. ठसा घेणाऱ्या यंत्राचा दिवा लागत होता, पण संगणकाला त्याची ओळखच पटत नव्हती. तिकडे केंद्राच्या पायरीवर माणसं बसलेली होती.

यंदाच्या अंकाचा विषय ‘दुरुस्ती’ ठरला तेव्हा पंप, ट्रॅक्टर, विहिरी आणि घड्याळं इतरांनी घेतली. संपादकांनी मला सांगितलं, की खेड्यात बिघडलेला लॅपटॉप कसा दुरुस्त होतो ते बघून या. म्हणून इंझोरी गाठली. हे गाव वाशीम जिल्ह्याच्या मानोरा तालुक्यातलं. १ जुलै १९९८ रोजी हा जिल्हा अकोल्यातून वेगळा झाला. सोयाबीन, तूर आणि कपाशीचा हा पट्टा. बाजाराला कारंजा किंवा मानोरा आहे, पण लॅपटॉप कंपनीच्या अधिकृत सेवा केंद्रासाठी अकोला नाहीतर अमरावती गाठावी लागते. त्यात एक दिवस मोडतो, यंत्र ठेवून यावं लागलं तर आठवडा. म्हणून सगळा भार या मागच्या टेबलावर येतो. तिथे बसून पाहताना एक गोष्ट पक्की झाली. विंडोज घालणं आता कुणालाही जमतं. कस लागतो तो दुसऱ्या दिवशी, आणि त्या दुसऱ्या दिवसाची तयारी यंत्र पुसण्याआधीच करावी लागते. आपल्याकडे नेमकी तीच राहून जाते.

आधी दुखणं ओळखा

लॅपटॉप हळू झाला, मारा विंडोज. आपोआप बंद पडला, मारा विंडोज. हे औषध इतकं अंगवळणी पडलंय, की गिऱ्हाईक दुखणं सांगतच नाही, थेट औषधाचं नाव घेतं. दुकानातल्या मुलाची पहिली झटापट इथेच असते.

विदर्भात उन्हाळ्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो. पत्र्याखालच्या खोलीत चालणाऱ्या लॅपटॉपच्या पंख्यात धुळीचा थर बसलेला असतो. प्रोसेसर तापला की यंत्र स्वतःला वाचवण्यासाठी बंद पडतं. त्यावर नवी विंडोज घातली तरी ते तापणारच. पंखा साफ करून थर्मल पेस्ट बदलायची, एवढंच त्याचं औषध. कधी रॅमच्या पट्टीचा संपर्क सुटतो आणि निळा पडदा येतो. मग हा मुलगा पट्टी काढतो, तिची सोनेरी टोकं शाळेतल्या खोडरबरनं हलक्या हातानं पुसतो आणि पुन्हा बसवतो. माझ्यासमोर एक यंत्र एवढ्यावर सुरू झालं. त्याच्या मालकाला ते पटेना, “फॉरमॅट तं मारला नाई न तुमी?”

तिसरं दुखणं हार्डडिस्कचं, आणि तेच सगळ्यात महागात पडतं. जुन्या लॅपटॉपमध्ये मिनिटाला ५४०० फेरे घेणारी तबकडी असते. विंडोज १० आल्यापासून अशा यंत्रांवर डिस्कचा वापर तासन्तास शंभर टक्क्यांवर राहतो, म्हणून ती रांगतात. तबकडी झिजायला लागली की काही कप्पे वाचता येत नाहीत आणि फाइली सुट्या सुट्या बिघडत जातात. क्रिस्टलडिस्कइन्फो नावाचं फुकटचं साधन डिस्कची प्रकृती रंगात दाखवतं, निळा म्हणजे ठीक आणि पिवळा म्हणजे सावध. दुकानातला मुलगा पिवळा रंग दिसला की हात आखडता घेतो. “हार्डडिस्कच मरायले टेकली असन, तं किती खेपा विंडोज मारा, आठ दिवसांत गिऱ्हाईक वापस. अन् नाव माहंच खराब.” अशा वेळी आधी माहिती काढून घ्यायची, तबकडीच्या जागी एसएसडी बसवायची आणि मगच विंडोज. तेच सात-आठ वर्षांचं यंत्र मग मिनिटाच्या आत उघडतं.

विजेचाही हात यात आहे. लॅपटॉपला बॅटरी असते खरी, पण या भागात टेबलावर येणाऱ्या अर्ध्याअधिक यंत्रांची बॅटरी मेलेली किंवा फुगलेली असते. चार्जरवरच चालणारं यंत्र अपडेट घेत असताना लाइन गेली की अर्धी फाइल जुनी, अर्धी नवी, आणि विंडोज उभीच राहत नाही. त्यावर पुन्हा विंडोज मारण्यापेक्षा दुरुस्तीच्या पडद्यावरून शेवटचं अपडेट काढून टाकलं तरी बऱ्याचदा काम भागतं. तो पडदा शांतपणे वाचायला मात्र वेळ द्यावा लागतो.

पिवळं चिन्ह

ताईंच्या लॅपटॉपला खरंच नवी विंडोज लागणार होती, ती घातली गेली. आता मुलानं डिव्हाइस मॅनेजर उघडला. यादीत ठिकठिकाणी पिवळ्या त्रिकोणातलं उद्गारचिन्ह होतं.

नवी विंडोज ही बदलून आलेल्या ग्रामसेवकासारखी असते. दप्तर हातात आहे, पण गावात कोण कुठे राहतं ते ठाऊक नाही. वायफायची चिप, आवाजाची चिप, टचपॅड, कॅमेरा या प्रत्येकाशी कोणत्या भाषेत बोलायचं हे सांगणारी छोटी प्रणाली म्हणजे ड्रायव्हर. बरेचसे ड्रायव्हर विंडोज स्वतःबरोबर आणते किंवा इंटरनेटवरून ओढून घेते. अडचण येते ती वायफायचाच ड्रायव्हर नसला की. ड्रायव्हर आणायला इंटरनेट हवं आणि इंटरनेटला ड्रायव्हर हवा. विंडोज ११ बसवताना तर सुरुवातीच्याच पडद्यावर इंटरनेट मागितलं जातं, आणि तिथेच अनेकांची गाडी अडते.

यावरचा तोडगा प्रत्येकाच्या खिशात असतो. अँड्रॉइड फोन चार्जिंगच्या केबलनं लॅपटॉपला जोडायचा आणि फोनच्या सेटिंगमध्ये जाऊन यूएसबी टेदरिंग सुरू करायचं. फोनला नेटवर्क कार्ड म्हणून ओळखण्याची सोय विंडोजमध्ये मुळातच असते, त्यामुळे वायफाय नसतानाही नेट चालू होतं. मुलानं ताईंचाच फोन लावला. पाच मिनिटांत विंडोज अपडेटनं वायफाय आणि आवाज दोन्ही शोधून आणले.

टचपॅड मात्र हललं नाही. इंटेल प्रोसेसरच्या अलीकडच्या बऱ्याच लॅपटॉपमध्ये टचपॅड थेट जोडलेलं नसतं. मध्ये इंटेलचा सीरियल आयओ नावाचा एक दुवा असतो. तो दुवा आधी बसला नाही तर टचपॅडचा ड्रायव्हर कितीदा टाकला तरी उपयोग होत नाही. म्हणून क्रम पाळावा लागतो. आधी चिपसेट, मग हे दुवे, मग ग्राफिक्स आणि आवाज, आणि शेवटी कंपनीचं कळफलकावरच्या खास बटणांचं सॉफ्टवेअर. पडद्याचा उजेड कमी-जास्त होत नसेल किंवा अक्षरं बटबटीत दिसत असतील तर समजावं, की ग्राफिक्सचा ड्रायव्हर बसलेला नाही आणि विंडोज स्वतःच्या मूलभूत ड्रायव्हरवर काम भागवतेय. तोवर एक साधा केबलचा माउस जवळ असावा. या दुकानात तो खिळ्याला टांगलेलाच आहे.

काही उपकरणांपुढे नावच येत नाही, नुसतं ‘अननोन डिव्हाइस’. मी विचारल्यावर त्यानं उजवं क्लिक करून त्याचे तपशील उघडून दाखवले. हार्डवेअर आयडी म्हणून एक लांबलचक ओळ असते. तिच्यातल्या ‘व्हेन’ या तीन अक्षरांपुढचे चार आकडे-अक्षरं पाहायची. ८०८६ असेल तर इंटेल, १०ईसी असेल तर रिअलटेक, १४सी३ असेल तर मीडियाटेक. ती ओळ तशीच शोधयंत्रात टाकली की चिपचं नाव मिळतं. मग लॅपटॉपच्या पाठीवरचा क्रमांक घेऊन कंपनीच्या संकेतस्थळावर त्याच मॉडेलचा ड्रायव्हर शोधायचा. डेलच्या पाठीवर सात अक्षरांचा सर्व्हिस टॅग असतो, बाकीच्यांचे आपापले क्रमांक असतात. पाठीवरचं स्टिकर घामानं पुसलं गेलं असेल तर बायोसमध्ये, म्हणजे यंत्र सुरू होतानाच्या मूळ सेटिंगमध्ये, तोच क्रमांक सापडतो.

सगळे ड्रायव्हर एका फटक्यात टाकून देणारे ड्रायव्हर पॅकही मिळतात, आणि घाईच्या दिवशी त्यांचा मोह होतो. यातले काही आपल्याबरोबर नको ती सॉफ्टवेअरं आणि जाहिराती घेऊन येतात. ज्या यंत्रावर गावाची आधारची कामं चालतात, त्यावर असलं काही शिरू देणं मला तरी धोक्याचं वाटतं.

अकराव्या पिढीच्या इंटेल प्रोसेसरपासून आणखी एक पेच आहे. विंडोज बसवायला घेतली, की ‘डिस्कच दिसत नाही’ असा संदेश येतो. गिऱ्हाईक हादरतं, अर्धवट मेकॅनिक डिस्क गेली म्हणून सांगून मोकळा होतो. प्रत्यक्षात डिस्क ठणठणीत असते. ती इंटेलच्या व्हीएमडी नावाच्या व्यवस्थेमागे असते आणि तिचा रॅपिड स्टोरेज ड्रायव्हर पेनड्राइव्हवर घेऊन ‘लोड ड्रायव्हर’ म्हणायचं असतं. एवढ्या अज्ञानापायी चांगली डिस्क बदलली जाऊ शकते.

ठसा, टोकन आणि प्रिंटर

घरच्या लॅपटॉपचं काम एवढ्यावर संपलं असतं. सेवा केंद्राचं इथे सुरू होतं.

बोटाचा ठसा घेणारं यंत्र नुसता ड्रायव्हर टाकून चालत नाही. ओळख पडताळण्यासाठी आधार प्राधिकरणानं ‘रजिस्टर्ड डिव्हाइस’ ही पद्धत आणली. ठसा घेतल्या घेतल्या कुलूपबंद होऊन स्वाक्षरीसह पुढे जावा, म्हणजे साठवून ठेवलेला जुना ठसा कुणाला पुन्हा वापरता येऊ नये, हा तिचा हेतू. त्यासाठी प्रत्येक यंत्राच्या कंपनीची आरडी सर्व्हिस संगणकावर बसवावी लागते आणि यंत्राची नोंदणी चालू असावी लागते. जुन्या, म्हणजे एल-झिरो वर्गातल्या यंत्रांत कुलूप लावण्याचं हे काम संगणकावरचं सॉफ्टवेअर करायचं. नव्या एल-वन वर्गात ते यंत्राच्या आतच होतं, म्हणून जुनी यंत्रं बाद करत आणली गेली. फॉरमॅटनंतर ठसा चालेना, म्हणून विंडोजला दोष देणाऱ्या काहींचं यंत्रच मुळात बाद वर्गातलं असतं.

ताईंचं यंत्र नवं होतं, सर्व्हिसही बसली, तरी ‘डिव्हाइस नॉट रेडी’. मुलानं पडद्याच्या कोपऱ्यात पाहिलं. तारीख दोन वर्षं मागची होती. आत मदरबोर्डवर रुपयाच्या नाण्याएवढा एक सेल असतो, बऱ्याच यंत्रांत सीआर २०३२ क्रमांकाचा. तो संपला की बंद यंत्राचं घड्याळ मागे पडतं. तारीख चुकली की सुरक्षित संकेतस्थळं उघडत नाहीत, कारण त्यांच्या प्रमाणपत्राची मुदत त्या तारखेशी जुळत नाही, आणि आधारची पडताळणीही नाकारली जाते. तारीख दुरुस्त केल्याबरोबर ठसा लागला. सेल बदलायचा, असं त्यानं वहीत लिहून ठेवलं.

डिजिटल सहीच्या टोकनची गोष्ट त्या मानानं दिलासा देणारी. सहीची किल्ली त्या पेनड्राइव्हसारख्या टोकनमध्येच असते, लॅपटॉप पुसला तरी ती जात नाही. फक्त त्या टोकनचा ड्रायव्हर आणि सही करवून घेणारं सॉफ्टवेअर पुन्हा बसवायचं, पिन आठवायचा. पिन सलग चुकत गेला तर टोकन कुलूपबंद होतं, म्हणून इथे अंदाजाचे प्रयोग करू नयेत. टॅली वापरणाऱ्या कृषी केंद्रवाल्यांनी फॉरमॅटआधी लायसन्स सरेंडर करावं आणि डेटाचा फोल्डर वेगळा काढून घ्यावा.

प्रिंटरनं मात्र दुपार खाल्ली. एचपी लेझरजेट १०२० हा प्रिंटर आपल्याकडच्या झेरॉक्सच्या दुकानांत आणि कचेऱ्यांत सर्रास दिसतो. दणकट आहे, शाई स्वस्तात भरून मिळते. त्याची खोड अशी, की स्वतःची प्रणाली तो जवळ ठेवत नाही. दर वेळी चालू केल्यावर संगणकातला ड्रायव्हर ती त्याच्याकडे पाठवतो, तेव्हा तो जागा होतो. म्हणून योग्य ड्रायव्हर नसेल तर केबल ठीक, दिवा ठीक, विंडोजच्या यादीत नावही ठीक, आणि कागद मात्र निघत नाही. जुना ड्रायव्हर पुरता काढून, केबल सोडवून, कंपनीचा ड्रायव्हर आधी टाकून मग केबल जोडली, तेव्हा पहिला कागद बाहेर आला. तो उत्पन्नाच्या दाखल्याचा अर्ज होता. ताईंनी तो उचलला आणि “येतो मी” म्हणत केंद्राकडे निघाल्या.

गुरुजींची भजनं

दुपारी एक निवृत्त गुरुजी आले. गावच्या भजनी मंडळाची सगळी भजनं त्यांनी काही वर्षं खपून टाइप केली होती. मुलानं आठवड्यापूर्वी त्यांच्या लॅपटॉपवर विंडोज घातली, फाइली जपून परतही दिल्या. आता त्या उघडल्या की पानभर इंग्रजी अक्षरांचा कालवा. “पोरा, व्हायरसनं खाल्लं काय रे सारं?”

काहीच खाल्लेलं नव्हतं. गुरुजींनी कृतिदेव हा फॉन्ट वापरला होता. युनिकोड रुळण्याआधीचे मराठी फॉन्ट एका युक्तीवर चालत. फाइलमध्ये साठत ती इंग्रजी अक्षरं, फॉन्ट त्यांच्या जागी देवनागरी आकार दाखवी. कृतिदेवात ‘मराठी’ हा शब्द ई, जे, के, कॅपिटल बी आणि एच या पाच अक्षरांत साठतो. फॉन्ट पुसला गेला की फाइल तीच राहते, फक्त मुखवटा गळतो. मुलानं त्याच्या जुन्या पेनड्राइव्हवरून कृतिदेवची फॉन्ट फाइल विंडोजच्या फॉन्ट्स फोल्डरमध्ये टाकली, वर्ड बंद करून पुन्हा उघडलं आणि भजनं जागच्या जागी उभी राहिली. गुरुजींनी पहिलं पान मोठ्यानं वाचून खात्री करून घेतली.

विंडोज पुन्हा घालण्याचा हा खास आपल्याकडचा प्रश्न आहे. कंपन्यांच्या मदतपानांवर तो फारसा सापडत नाही. पतसंस्थांचे ठराव, शाळांचे अहवाल, लग्नपत्रिका, वंशावळी अशी एका पिढीची मराठी कृतिदेव, शिवाजी, श्रीलिपी यांत अडकलेली आहे. फॉन्ट परत टाकणं हा तात्पुरता इलाज. कायमचा इलाज म्हणजे मजकूर युनिकोडमध्ये नेणं. रूपांतर करणारी साधनं फुकट मिळतात, पण त्यांच्यावर डोळे मिटून विसंबू नये. कृतिदेवात पहिली वेलांटी अक्षराच्या आधी टाइप होते, युनिकोडमध्ये ती अक्षरानंतर साठते. रफाराचीही जागा बदलते. या दोन ठिकाणी साधनं अडखळतात, म्हणून रूपांतरानंतर माणसानं एकदा वाचलंच पाहिजे. गुरुजींना हे सांगितलं तेव्हा ते म्हणाले, “वाचाले मी हावो न. तू बदल.”

युनिकोडवाल्यांचीही एक छोटी अडचण होते. सरकारी पत्रांत रूढ असलेला मंगल फॉन्ट विंडोज १० पासून आपोआप येतोच असं नाही. देवनागरीचे पूरक फॉन्ट वैकल्पिक गटात गेलेत. सेटिंगमध्ये जाऊन मराठी किंवा हिंदी भाषा जोडली की ते उतरतात. तोवर पत्राचा मजकूर वाचता येतो, पण ओळी सरकतात आणि एका पानाचं पत्र दोन पानांवर जातं. कळफलकाचंही तेच. इनस्क्रिप्ट विंडोजमध्ये आधीपासून आहे, उच्चारानुसार टाइप करायचा मराठी कळफलक २०१९ पासून आला. टायपिंगच्या परीक्षेसाठी रेमिंग्टन पद्धत शिकलेल्यांना मात्र त्यांचं जुनं सॉफ्टवेअर पुन्हा बसवावं लागतं. त्याची फाइल कुठे ठेवली होती, हे फॉरमॅटनंतर आठवून उपयोग नसतो.

अठ्ठेचाळीस आकडे

एका प्रसंगात मात्र काहीच करता आलं नाही.

अकोल्याला शिकणाऱ्या एका मुलीचा लॅपटॉप. जेमतेम वर्षाचा, विंडोज ११. तो अडकायला लागला म्हणून तिच्या वसतिगृहातल्या कुणीतरी पेनड्राइव्हवरून विंडोज घालायला घेतली. त्यासाठी बायोसमध्ये जाऊन सिक्युअर बूट बंद केलं. पुढच्या वेळी यंत्र सुरू झालं ते निळ्या पडद्यावर, ४८ आकडी रिकव्हरी की मागत. विंडोज ११ असलेल्या बऱ्याच नव्या लॅपटॉपमध्ये मायक्रोसॉफ्ट खात्यानं आत शिरलं की डिस्क आपोआप कुलूपबंद होते, आणि २०२४ च्या आवृत्तीपासून तर घरगुती विंडोजमध्येही ही पद्धत सरसकट झाली. लॅपटॉप चोरीला गेला तर आतली माहिती चोराला मिळू नये, हा हेतू योग्यच आहे. बायोसमध्ये फेरफार झाला की यंत्राला संशय येतो आणि ते किल्ली मागतं.

किल्ली असते मायक्रोसॉफ्टच्या खात्यात. कुठल्याही मोबाइलवरून त्या खात्यात शिरलं की ती दिसते. प्रश्न इतकाच, की खातं कुणाचं? लॅपटॉप घेताना दुकानदारानं ‘देतो चालू करून’ म्हणत स्वतःच खातं उघडून दिलेलं. त्याला जोडलेला मोबाइल नंबर तिच्या वडिलांचा जुना, रिचार्ज न केल्यानं बंद झालेला. पासवर्ड कुणालाच माहीत नाही. दुकानातल्या मुलानं जमतील ते सगळे मार्ग करून पाहिले. शेवटी तिला समोर बसवून सांगितलं, “ताई, हे कुलूप मीच काय, कंपनीबी खोलू शकत नाई.” डिस्क पुसावी लागली. तिच्या प्रकल्पाच्या नोंदी आणि फोटो त्यात गेले.

१९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइक या कंपनीच्या एका सदोष अपडेटनं जगभरातले सुमारे ८५ लाख संगणक निळ्या पडद्यावर अडकवले, तेव्हा विमानतळांवरचे आणि रुग्णालयांतले तंत्रज्ञही याच आकड्यांच्या मागे धावत होते. दुरुस्ती दोन मिनिटांची होती, पण ती एकेका यंत्रापाशी जाऊन करायची आणि कुलूपबंद असलेलं प्रत्येक यंत्र आधी आपली किल्ली मागत होतं. त्यांच्याकडे निदान किल्ल्यांच्या याद्या होत्या.

लॅपटॉपबरोबर मिळणारं ऑफिसही असंच खात्याला बांधलेलं असतं. खातं हरवलं की पैसे मोजून घेतलेलं ऑफिस हरवतं. आणि ज्यांची डिस्क कुलूपबंद नाही त्यांच्यासाठी एक दिलासा आहे. फॉरमॅट न करता त्याच भागावर विंडोज घातली असेल, तर जुना डेस्कटॉप आणि डॉक्युमेंट्स ‘विंडोज डॉट ओल्ड’ या फोल्डरमध्ये सापडतात. हा फोल्डर काही दिवसांनी आपोआप पुसला जाऊ शकतो, म्हणून पहिल्याच दिवशी तो उघडून पाहावा.

पेनड्राइव्हवर काय असतं

विंडोजची फाइल पाच जीबीच्या वर असते. रोजच्या दीड-दोन जीबीच्या पॅकवर ती उतरवायची म्हणजे काही दिवसांचं काम. म्हणून एकदा बनवलेला पेनड्राइव्ह वर्षानुवर्षं चालतो, एका दुकानातून दुसऱ्यात नकलून जातो. त्यावर बहुतेक ठिकाणी विंडोजची प्रो आवृत्ती असते, सोबत ती फुकटात ‘ॲक्टिव्हेट’ करणारं क्रॅक.

यात गिऱ्हाइकाचं दुहेरी नुकसान आहे. विंडोज ८ च्या काळापासून कंपनीच्या लॅपटॉपमध्ये विंडोजची किल्ली मदरबोर्डवरच कोरलेली असते, आणि तिचे पैसे लॅपटॉपच्या किमतीत आपण दिलेले असतात. यंत्राबरोबर आलेली तीच होम आवृत्ती पुन्हा घातली तर ती किल्ली आपोआप लागू होते, काहीही टाइप करावं लागत नाही. त्यावर चोरीची प्रो घातली की स्वतःची हक्काची विंडोज धूळ खात पडते आणि वर क्रॅकच्या पोटातून काय आलं ते कळत नाही. असली क्रॅक चालावीत म्हणून विंडोजचं संरक्षण बंद करायला सांगितलं जातं, यातच सगळं आलं. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय या खंडणीखोर विषाणूनं जगभर धुमाकूळ घातला तो अपडेट न घेतलेल्या यंत्रांवर, आणि चोरीची विंडोज वापरणारे अनेकदा अपडेट बंद ठेवतात. लोकांच्या आधारचं आणि सातबाराचं काम चालणाऱ्या यंत्रावर क्रॅक असू नये, असं माझं ठाम मत आहे. इंझोरीतल्या त्या मुलानं होमची स्वच्छ फाइल वेगळ्या पेनड्राइव्हवर ठेवली आहे. ती त्यानं कारंज्याला मित्राच्या फायबर जोडणीवरून उतरवून आणली.

विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप आणि साधारण आठव्या पिढीपासूनचा इंटेल प्रोसेसर लागतो, म्हणजे २०१७ च्या आधीची जवळपास सगळी यंत्रं बाहेर. टाळेबंदीच्या काळात ऑनलाइन शाळेसाठी गावोगावी आलेले सेकंडहँड लॅटिट्यूड, थिंकपॅड आणि एलिटबुक यातच मोडतात. आडवाटेनं त्यांच्यावर ११ घालता येते, पण पुढची अपडेट मिळतीलच याची हमी कंपनी देत नाही. घरगुती वापरासाठीची मायक्रोसॉफ्टची वाढीव सुरक्षा योजना ऑक्टोबर २०२६ पर्यंतची. मुलांच्या अभ्यासासाठी, टायपिंगसाठी, हिशेबासाठी अशा यंत्रावर लिनक्स मिंट किंवा उबुंटू उत्तम चालतं. वायफाय आणि आवाज बहुतेक वेळा पहिल्याच मिनिटाला सुरू होतो. शिकायला मुंबई आयआयटीच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पाचे मराठीतले धडे आहेत. सेवा केंद्राला मात्र विंडोज सोडता येत नाही, कारण ठसायंत्रांची आणि सहीची साधनं मुख्यतः विंडोजवर बेतलेली आहेत. एका यंत्रावर दोन्ही घातली तर घड्याळ साडेपाच तासांनी पुढे-मागे होताना दिसतं. लिनक्स यंत्राच्या घड्याळाला ग्रिनिचची वेळ समजतं, विंडोज स्थानिक. एका आज्ञेत ते जुळतं, पण कारण माहीत नसेल तर माणूस सेल बदलत बसतो.

वही

दुकानातल्या या मुलाची एक दोनशे पानी वही आहे. यंत्र टेबलावर आलं की पुसण्याआधी तो तिच्यात लिहितो: मॉडेल, पाठीवरचा क्रमांक, विंडोजची आवृत्ती, कोणत्या खात्यानं उघडतं, मराठी कोणत्या फॉन्टमध्ये, प्रिंटर कोणता, ठसायंत्र कोणतं. मग जुनी विंडोज उघडत असेल तर तो पीएनपीयुटिल या आज्ञेनं सगळे ड्रायव्हर एका फोल्डरमध्ये काढून पेनड्राइव्हवर घेतो. ही सोय विंडोजमध्येच आहे, वेगळं काही लागत नाही. उघडत नसेल तर लिनक्सच्या पेनड्राइव्हवरून यंत्र सुरू करून विंडोजच्या सिस्टिम३२ मधला ड्रायव्हरस्टोअर फोल्डर उचलतो. नव्या विंडोजला तोच फोल्डर दाखवला, की पिवळी चिन्हं एकेक करून मिटतात. फॉन्ट्सचा फोल्डरही तो तसाच उचलून ठेवतो. ताईंच्या यंत्राच्या वेळी रात्र झाली होती आणि डिस्क घाईनं पुसली गेली, म्हणून दुसरा अख्खा दिवस गेला. हे त्यानं स्वतःहून सांगितलं.

गिऱ्हाईक तीनशे-चारशे रुपये देतं ते ‘विंडोज टाकण्याचे’. आधीचा हा तासभर आणि नंतरची दुपार हिशेबात धरलीच जात नाही. ड्रायव्हरचे, फॉन्टचे, प्रिंटरचे वेगळे पैसे मागितले की लोक म्हणतात, नुसती विंडोज तर टाकली. हा समज बदलायला हवा. यंत्र पुसणारा हात स्वस्तात मिळतो. यंत्र पुन्हा कामाला लावणाऱ्या हाताला त्याचे दाम द्यायला हवेत, नाहीतर असली वही ठेवणारी मुलं दुकान बंद करून पुण्याला निघून जातील आणि इंझोरीच्या दाखल्यांसाठी लोकांना कारंज्याची बस पकडावी लागेल.

वाचकहो, दिवाळीच्या सुट्टीत मुलं-नातवंडं घरी येतात. त्यांना लॅपटॉपपुढे बसवून एवढं करून घ्या. मायक्रोसॉफ्टचं खातं तुमच्या चालू मोबाइल नंबरला जोडून घ्या आणि ४८ आकडी किल्ली कागदावर उतरवून घराच्या कागदपत्रांत ठेवा. डेस्कटॉपवरच्या फाइली, मराठी फॉन्ट आणि ड्रायव्हरचा फोल्डर एका वेगळ्या पेनड्राइव्हवर काढून ठेवा. आणि पुढच्या वेळी यंत्र अडलं की दुकानात ‘विंडोज मारून द्या’ म्हणू नका. काय होतंय ते सांगा.